खाडीकाठची शाळा आणि भरतीचे गणित



२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. मुसळधार पावसाने वाशिष्ठीस पूर आला आणि खाडीत भरती असल्याने त्या पाण्याचा निचरा होईना. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली असून ती अद्याप चढत आहे. असे प्रसंग पुढेही संभवतात.

बांध, उघाड्या व कांदळवन यांची राखण गावाने करावयाची. परंतु पाण्याची वेळ ओळखावयास शाळेनेच शिकवावे. तिथीची पाऊणपट केली असता कोकणात भरतीची अदमासे वेळ निघते : अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. खाडीत आत ती काहीशी उशिरा येते. तो फरक मुलांनी स्वतः पाहून नोंदवावा. पूर्वीच्या पुराचे पाणी कोठवर चढले होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून तेथे सालासह खूण रंगवावी.

उधाण आणि अतिवृष्टी एकत्र येण्याची चिन्हे दिसताच भरतीपूर्वी मुलांस सुरक्षित स्थळी पोहोचवावे. पाऊणकी शिकलेले मूल घरच्यांसही वेळीच सावध करील.