ऐकू कमी येणाऱ्या पंडिताबाई



मागच्या आठवड्यात वर्गातल्या एका आजींनी पाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "गुरुजी, डोळ्यांना दिसत नाही, हात कापतो. आता देवानेच बळ काढून घेतले, तर शिकून काय करू?" आम्हांला त्या वेळी उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आमचेही तेच झाले होते. निवृत्त झाल्यावर आमचे कान गेले. भूगावात हा वर्ग घ्या म्हणून मंडळी आली, तेव्हा आम्ही चक्क नाही म्हटले होते. बहिऱ्या मास्तराला पोरेसुद्धा हसतात, मग मोठी माणसे का सोडतील?

म्हणून आज पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो. त्यांचे केडगाव काही लांब नाही. पुण्याहून सोलापूरकडे रेल्वे जाते, त्या वाटेवर दौंड तालुक्यात आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. मुलीला संस्कृत शिकवू नये, अशी त्या काळची समजूत होती. तरी या घरात मुलगी संस्कृत शिकली. मग मोठा दुष्काळ पडला. त्यात आईवडील गेले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ साली पतीही पटकीने गेले. पदरात मनोरमा, वर्षाचीही नव्हती. काय हो, चोविशीच्या आत एवढे सोसायचे म्हणजे काय!

बाई डगमगल्या नाहीत. डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली विलायतेला गेल्या. तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पण कानांनी दगा दिला. ऐकू येईना. डॉक्टरकीचे शिक्षण राहिले ते राहिलेच.

ख्रिस्ती लोकांच्या बायबलात पौल नावाच्या प्रेषिताची पत्रे आहेत. पौलाच्या देहात काट्यासारखे काही सलत होते. तो काटा काढ, अशी त्याने देवाला तीन वेळा विनवणी केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेल, तू दुबळा असशील तिथेच माझे बळ दिसेल, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. आम्हांला हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पटले नव्हते. देवाला काटा काढायला काय जड होते? पण पौल पुढे आपला दुबळेपणा लपवीत नाही, उघड सांगतो. लपवण्यात जी शक्ती जाते, ती त्याची वाचली, असे आम्हांला वाटते.

रमाबाईंचेही पाहा. नुसता धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असे त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे बाप्तिस्मा झाला आणि बळ आले, असे झाले नाही. १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यात आणले. मुलींना बाटवतात असा बोभाटा झाला आणि १८९३ च्या सुमारास बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. आपला धर्म सोडलेला लोकांना रुचत नाही, हेही समजून घ्यायला हवे. पण १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणायला कोण गेले? ह्याच बाई. केडगावला माळरान होते. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. १९०० सालापर्यंत तिथे सुमारे पंधराशे माणसे झाली. त्या ठिकाणाचे नाव मुक्ती. आंधळ्या मुलींना बोटांनी अक्षरे वाचायला मनोरमेने शिकवले.

आता तुमच्या कामाची गोष्ट, बरे का. एवढ्या संस्कृत पंडित बाई. पण जुन्या बायबलाची मराठी गरीब बायकांना कळत नाही, हे त्यांनी पाहिले. नुकतीच अक्षरे शिकलेल्या बाईलाही वाचता यावे, असे सोपे मराठी बायबल करायचे त्यांनी ठरवले. चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. १९२१ साली मनोरमा गेली. ती आईच्या मागे हे सारे सांभाळणार होती. आईने कागद बाजूला ठेवले नाहीत. भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. सगळे पुस्तक छापून झाले १९२४ साली.

हे वाचले आणि आम्ही वर्गाला हो म्हटले. आजी, उद्या पाटी घेऊन या. कंदिलाएवढी मोठी अक्षरे काढून देतो. आणि आमच्याशी बोलायचे असेल तर डाव्या बाजूने या. त्या कानाला अजून थोडे ऐकू येते.