पहिल्या वर्षाला हवा एक तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आमच्या हिंजवडी-वाकड भागात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. कॉलेज कुठलं आणि ब्रँच कुठली? कॉम्प्युटर मिळालं का? आयटी तरी? प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात, यादीकडे डोळे लावून घरं बसलेली असतात. पण पहिल्या वर्षी मुलगी नेमकं काय शिकणार आहे, कोणता विषय आधी आणि कोणता नंतर, हा प्रश्न मी कुणाला विचारताना ऐकलेला नाही. आज मला त्याच विषयावर बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, कविता करणाऱ्या बी.ए. माणसाचा इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमाशी काय संबंध? संबंध शब्दांपुरता आहे. आमच्या घरात दखनी बोलत, शाळेत मराठी, मदरशात अरबी अक्षरं आणि पाचवीपासून इंग्रजी. एका भाषेतून दुसरीत जाताना मुलाच्या डोक्यात काय उलथापालथ होते, हे मला ठाऊक आहे. आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात सगळ्यांत मोठी उलथापालथ तीच असते, असं माझं मत झालं आहे.

आता असं बघा. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळजवळ सारखंच असतं. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, बेसिक इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग आणि वर्कशॉप. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात विद्यार्थ्यांचे दोन गट करण्याची सोय होती. पहिल्या सत्रात एका गटाला भौतिकशास्त्र, तर दुसऱ्याला रसायनशास्त्र; पुढच्या सत्रात अदलाबदल. असे गट पाडले की प्रयोगशाळा आणि शिक्षक पुरतात. म्हणजे कोणता विषय आधी, हे पुष्कळदा खोल्यांच्या आणि यंत्रांच्या सोयीनं ठरतं.

दुसरा हिशेब श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा. आठवड्याला एक तास व्याख्यान, असं सत्रभर झालं की एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला त्यासाठी दोन तास लागतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम काढला, तेव्हा चार वर्षांचे सुमारे २२० श्रेयांक १६० वर आणले. मुलांवरचा बोजा कमी व्हावा, हाताला काम मिळावं, हा हेतू. त्याच वेळी पहिल्या वर्षाच्या आरंभी तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम ठेवायला सांगितलं. त्यात खेळ, कला, माणुसकीची मूल्यं, परिसराची ओळख आणि साहित्यसुद्धा. कल्पना उत्तम आहे. पण प्रवेश लांबले की तीन आठवड्यांचे चार दिवस होतात, असं शिक्षकच सांगतात.

या सगळ्या हिशेबात एका गोष्टीला तास नाही. मराठीतून किंवा सेमी-इंग्रजीतून आलेलं मूल पहिल्या दिवशी वर्गात बसतं, तेव्हा समोरची भाषा त्याला कळायला लागेपर्यंत जो वेळ जातो, तो कुठल्याच वेळापत्रकात धरलेला नसतो.

आमच्या ओळखीतल्या एका टेम्पोचालकाची मुलगी परभणीकडून इकडे शिकायला आली. बारावीला गणितात चांगले गुण होते. पहिल्या सत्रात तीन विषय राहिले. घरी रडारड झाली, बापानं गावी परत नेण्याची भाषा केली. ती आमच्याकडे यायची. एकदा मेकॅनिक्सची वही उघडून म्हणाली, "चाचा, गणित मला येतं हो. पण गणित कशाचं आहे, तेच कळत नाही."

मी ती वही नीट पाहिली. तिनं अवघड शब्दांचे अर्थ समासात लिहून ठेवले होते. इलेक्ट्रोमॅग्नेटिक, पॉलिमर वगैरे शब्दांची तिला अडचण नव्हती. अडचण होती ती साध्या, रोजच्या इंग्रजी शब्दांची. मोमेंट म्हणजे क्षण, एवढं तिला ठाऊक. मग बीमच्या टोकाशी क्षण कसा येतो? कपल म्हणजे जोडपं. दोन सारख्या, समांतर आणि विरुद्ध दिशेच्या बलांना कपल म्हणतात, हे वर्गात सांगितलं गेलं असेल, पण ते वाक्य इंग्रजीत वाहून गेलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'निग्लेक्टिंग फ्रिक्शन'. घर्षण हिशेबात धरू नका, इतकाच अर्थ. तो न कळल्यानं तिनं घर्षण धरून पानभर आकडेमोड केली आणि उत्तर चुकलं. गणितात एकही चूक नव्हती.

मग मराठी प्रतिशब्द दिले की झालं का? तेही इतकं सोपं नाही. आपल्या मराठी विश्वकोशात मोमेंटसाठी 'परिबल' हा शब्द आहे. शब्द चांगला घडवलेला आहे. पण परभणीच्या मुलीला तोही तितकाच परका. तिला हवं होतं ते आपल्या बोलीतलं समजावणं.

एका कॉलेजच्या इंडक्शनमध्ये मला कवी म्हणून बोलावलं होतं. कविता वाचून झाल्यावर मी मुलांना विचारलं, "रुतलेला दगड पहारीनं हलवताना हात कुठं धरता?" मागच्या बाकांवरून आवाज आला, "टोकाला!" "का?" "जोर कमी लागतो." तिथं बसलेले मेकॅनिक्सचे सर उठून म्हणाले, "बस, हाच मोमेंट. बल गुणिले अंतर." मुलं हसली. मला वाटतं, त्यातल्या निदान काहींना तो शब्द पुन्हा शोधावा लागला नसेल.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्याकडे तंत्रशिक्षणाचा आरंभच देशी भाषांतून झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८२३ मध्ये मुंबईत एक इंजिनिअर इन्स्टिट्यूशन सुरू झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस तिचा प्रमुख होता. मोजणी आणि बांधकाम खात्यांना माणसं हवी होती आणि शिकवणं होतं मराठी आणि गुजरातीतून. पुस्तकंच नव्हती, तेव्हा जर्व्हिसनं जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या पंडितांच्या मदतीनं ती मराठीत तयार केली. हटनच्या इंग्रजी गणितग्रंथावरून केलेली 'शिक्षामाला' ही त्यांतलीच. पुढे १८३० च्या दशकात ती संस्था बंद पडली.

१८४७ मध्ये मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमाचा मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचा. त्याच्या पाठीशी उभे राहिले तीन हिंदी सभासद: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. आपल्या भाषेतून शिकवा, असं तिघं मिळून सांगत होते. पुढे उच्च शिक्षणाचा गाडा इंग्रजीच्या रुळावर गेला तो गेलाच. १८५४ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला आणि त्यातूनच आजचं सीओईपी वाढलं, ही गोष्ट पुणेकरांना ठाऊक आहे.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्याशी जोडलेलं आहे. निजामाच्या राज्यात १९१७ मध्ये भाषांतराचं खातं निघालं, दारुत्तर्जुमा. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ आलं आणि १९२९ मध्ये त्याचं इंजिनिअरिंग कॉलेज. शिक्षण उर्दूतून. त्या भाषांतर खात्यात जोश मलीहाबादींसारखे कवी नोकरीला होते, हे वाचून मला कवी म्हणून जरा बरं वाटलं. मात्र त्या प्रयोगाच्या दोन बाजू लक्षात घ्यायला हव्यात. उर्दूतून शिकवतानाही तिथं इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. जगाचं दार त्यांनी बंद केलं नव्हतं. दुसरी बाजू अशी, की परिभाषा अरबी-फारसीतून घडलेली. नांदेड-परभणीच्या मराठी घरातल्या मुलाला ती 'आपली भाषा' कशी वाटावी? १९४८ नंतर राज्य बदललं आणि माध्यमही इंग्रजी झालं. भाषा वरून ठरवली की ती वरूनच काढूनही घेतली जाते.

आता अलीकडचं. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेनं भारतीय भाषांतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली. आपल्याकडे निगडीच्या पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटर शाखेच्या साठ जागा मराठीसाठी मंजूर झाल्या. परिषदेनं पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीसह अनेक भाषांत आणली. त्याच वर्षी राज्यातल्या पदविका अभ्यासक्रमात, म्हणजे डिप्लोमात, पहिल्या वर्षाला मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय आला. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करतो.

पण आईबापांच्या मनातली शंका मला रोज ऐकू येते. हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांत मुलाखत इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत, गिऱ्हाईक परदेशात. मराठीतून शिकलेली पोरगी त्या फाटकाच्या आत कशी जाणार? ही शंका खोटी नाही. इंग्रजीला पर्याय आहे, असं सांगणारा माणूस स्वतःची मुलं कुठल्या शाळेत घालतो, ते आधी बघावं.

मात्र इंग्रजी येणं आणि विषय कळणं ही दोन कामं आहेत आणि पहिल्या वर्षी ती एकाच वेळी मुलाच्या डोक्यावर टाकली जातात. प्रोग्रॅमिंगचंच उदाहरण घ्या. सी भाषेच्या जुन्या प्रमाणित रूपात राखीव शब्द फक्त ३२. इफ, एल्स, व्हाइल, फॉर असे. कुठलंही मूल ते आठवड्यात शिकेल. अडतं ते प्रश्नाच्या परिच्छेदावर. काय दिलं आहे, काय काढायचं आहे, कोणती अट पाळायची आहे, हे लांबलचक इंग्रजी वाक्यात असतं. ते उलगडलं नाही, की मूल मित्राचा प्रोग्रॅम उतरवून काढतं. ड्रॉइंगच्या शीटला मुलं काचेखाली दिवा लावून जीटी मारतात, तसाच हाही प्रकार. सबमिशन होतं, शिक्षण होत नाही. मग विषय राहतात, 'वायडी' होते, म्हणजे वर्ष जातं. शहरातलं मूल क्लास लावून सावरतं. टेम्पोचालकाच्या घरात एक वर्ष गेलं, की मुलीचं शिक्षणच थांबण्याची भीती असते.

म्हणून आराखडा ठरवणाऱ्या मंडळींपुढे, आणि त्याहूनही कॉलेजात वेळापत्रक लावणाऱ्या प्राध्यापकांपुढे, मला तीन गोष्टी ठेवायच्या आहेत.

पहिली, क्रमाची. गणित दोन्ही सत्रांत राहणारच. पण बाकीच्या विषयांत जिथं हात आणि डोळा बोलतो, ते वर्कशॉप, ड्रॉइंग आणि प्रयोग आधी यावेत. लांब वाक्यांचे विषय थोडे मागे. ज्या गटाला मेकॅनिक्स पहिल्याच सत्रात येतं, त्याला शब्दांची ओळख आधी करून द्यावी. इंडक्शनचे दिवस त्यासाठी आहेतच.

दुसरी, उदाहरणांची. ती परिसरातून घ्यावीत. चैत्र पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड हिंजवडीतून वाकडला निघतं. उभा खांब, त्यावर फिरणारं आडवं लाकूड, एका टोकाला गळकरी. तोल कसा राहतो? मोमेंट शिकवायला याहून चांगलं चित्र मला सुचत नाही, आणि ते इथल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

तिसरी गोष्ट एका तासाची. पहिल्या वर्षी आठवड्यातून एक तास, प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं आळीपाळीनं घ्यावा. त्यात नवा धडा नको. त्या आठवड्याचे इंग्रजी शब्द आणि प्रश्नांची वाक्यं फळ्यावर लिहावीत, मराठीतून उलगडावीत आणि शेवटी मुलांनी ती पुन्हा इंग्रजीत सांगावीत. मराठीवाल्यांचा वेगळा वर्ग करून नव्हे, सगळ्यांनी एकत्र बसून. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलालाही 'मोमेंट' कळलेला असतोच असं नाही. त्याला फक्त तो शब्द बिनचूक उच्चारता येतो. सत्राचे पंधरा आठवडे धरले तर हे पंधरा तास. दर सत्राला एकशे साठांतला एक श्रेयांक.

त्या परभणीच्या मुलीला असा तास मिळाला नाही. पण दुसऱ्या सत्रात एका सरांनी कॉलेज सुटल्यावर चार-पाच मुलांना बसवून मराठीतून प्रश्न वाचायला शिकवलं. राहिलेल्या तीन विषयांपैकी दोन सुटले आणि तिचं वर्ष वाचलं. ते सर थांबले म्हणून हे झालं. पुढच्या मुलीचं वर्ष एखादे सर थांबतात की नाही, यावर अवलंबून राहू नये, तो तास वेळापत्रकातच असावा, एवढंच माझं मागणं आहे. आणि आईबापहो, यंदा प्रवेश घेताना ब्रँच जरूर विचारा, पण कॉलेजमध्ये हेही विचारा, की पहिल्या वर्षाच्या वर्गात माझ्या मुलीला मराठीत शंका विचारता येईल का?