दमसासाचे मोजमाप
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील रस्त्यांवर तांबडे फुटण्यापूर्वीच तरुण-तरुणी धावू लागतात. मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटरची चाचणी द्यावयाची असते. जिद्द मोठी असते. परंतु आपल्या अंगी आज किती दम आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशी धाव प्राणावरही बेतू शकते. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीत ५ किलोमीटरच्या धावेनंतर काही उमेदवार दगावले आणि शासनाने ते अंतर ३ किलोमीटरवर आणले.

दमसास म्हणजे केवळ छातीची रुंदी नव्हे. फुप्फुसांनी घेतलेला प्राणवायू हृदय रक्तावाटे स्नायूंपर्यंत पोहोचविते व स्नायू तो वापरतात. या साऱ्या साखळीची कमाल क्षमता म्हणजे दमसास. दर किलो वजनामागे दर मिनिटास किती मिलिलिटर प्राणवायू वापरला गेला, या हिशेबाने ती प्रयोगशाळेत मोजतात. तेथील यंत्रे खेडेगावी कोठून येणार? अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी ११५ जवानांवर प्रयोग करून १९६८ साली सोपा मार्ग दाखविला : १२ मिनिटांत माणूस किती अंतर कापतो, ते पाहावे.

शाळेच्या मैदानावर २०० मीटरची फेरी टेपाने मोजून फक्कीने आखावी आणि दर ५० मीटरवर खुंटी ठोकावी. एकाने घड्याळ धरावे, दुसऱ्याने फेऱ्या मोजाव्यात. मीटरमधील अंतरातून ५०५ वजा करून बाकीस ४५ने भागावे. २००० मीटर धावणाऱ्याचा आकडा सुमारे ३३ येतो, तर २४०० मीटरवाल्याचा ४२. हा अंदाज आहे, निदान नव्हे. मूळ प्रयोग तरुण पुरुषांवर झालेला असल्याने मुली, मुले व प्रौढ यांच्याबाबत तो ढोबळच मानावा. शाळकरी मुलांसाठी खेलो इंडियाच्या चाचणीतील ६०० मीटरची धाव अधिक योग्य. तीत मधून चालण्याचीही मुभा आहे.

या आकड्याचा खरा उपयोग शेजाऱ्याशी तुलना करण्यात नाही. त्याच मैदानावर, त्याच वेळी, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्यावी आणि आपलाच मागील आकडा पाहावा. तो वाढला तर सराव योग्य दिशेने चालला आहे. तो घटला तर विश्रांती, आहार किंवा आजार यांकडे लक्ष द्यावे.

खानदेशात आणखी एक पथ्य अटळ आहे, ते उन्हाचे. उन्हात शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, हृदयावरील भार वाढतो आणि आकडाही फसवा येतो. म्हणून चाचणी हिवाळ्यात वा भल्या पहाटे घ्यावी. पाणी व सावली जवळ असावी. छातीत दुखणे, भोवळ किंवा बोलण्यात असंबद्धता दिसताच धाव थांबवावी, अंग पाण्याने गार करावे आणि रुग्णालय गाठावे. चाळिशीपुढील व्यक्तींनी, तसेच हृदयविकार, दमा वा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय धावू नये.

यासाठी मोठा निधी लागत नाही. टेप, घड्याळ, फक्की आणि एक वही पुरेशी आहे. पंचायतीने जागा सपाट करून द्यावी, शिक्षकांनी नोंदी ठेवाव्यात. आज आपल्या मुली अंधारात वाहनांच्या रस्त्यावर धावतात. त्यांना गावातच आखलेले, उजेडाचे मैदान मिळाले, तर मोजमापाचा हा उद्योग सार्थकी लागेल.