मे महिन्यात पाणी न मागणारी फुलं

गेल्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वहीबद्दल बोललो. आज दारातल्या फुलांबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, मे महिना चाललाय, प्यायला पाणी नाही आणि ताईंना फुलझाडं सुचतायत. पण पाणी नाही, म्हणूनच आज हा विषय घेतलाय.

दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून बारा कलमी गुलाब आणले. दिवाळीपर्यंत दार बघण्यासारखं होतं. मग मार्च उजाडला. आपल्या डोंगराकडच्या गावांचं तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात धो धो आणि शिमग्यानंतर ठणठणाट. विहीर तळाला गेली. खालच्या झऱ्यावरून डोक्यावर हंडा आणायचा आणि त्यातली कळशी गुलाबाला घालायची, असं मी महिनाभर केलं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, मान मोडून घेशील. मरंल तर मरंल झाड." अकरा मेले. एक जगला, तो मोरीजवळचा.

तेव्हापासून कुठलंही रोप घेताना मी आधी एक विचारते, एप्रिल-मे मध्ये हिला पाणी कोण आणणार? घरातली माणसं झाडाला हौसेनं "छान" म्हणतात, हंडा मात्र आपल्याच डोक्यावर असतो.

त्याच मे महिन्यात शेजारच्या वस्तीवर बैठकीला गेले होते. तिथल्या मावशींच्या गोठ्यामागं कोरड्या मातीतून फुलं वर आली होती. पान नाही, फांदी नाही, थेट जमिनीतून फूल. पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळा रंग आणि वास असा की गोठ्याचा वास विसरावा. मी विचारलं, "मावशी, हिला पाणी किती घालता?" त्या हसल्याच. तो भुईचाफा.

भुईचाफा हळदीच्या कुळातला. उन्हाळ्यात फुलतो, पाऊस लागला की पानं काढतो. पानंही देखणी, वरून नक्षी आणि खालून जांभळट. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून वाळून जातात आणि कंद मातीत झोपी जातो. इथंच आपली चूक होते. झाड मेलं समजून आपण ती जागा खणतो, नाहीतर दया येऊन पाणी घालतो. झोपलेल्या कंदाला पाणी घातलं तर तो सडतो. म्हणून तिथं एक दगड खुणेला ठेवा आणि विसरून जा. लावायचा तो पहिल्या पावसाच्या आसपास, दोन-तीन बोटं खोल, जिथं दुपारची सावली आहे तिथं. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली तर नाराज होऊ नका.

मोरीच्या पाण्यावर सोनटक्का लावा. त्याला ओल लागतेच, पण अंघोळीचं पाणी त्याला चालतं, वेगळा हंडा नको. कपड्याच्या पावडरचं पाणी मात्र तिकडं सोडू नका. पावसाळ्यात पांढरी फुलं येतात, संध्याकाळी अंगणभर वास. हाच सोनटक्का दूर क्युबा देशाचं राष्ट्रीय फूल आहे. आपल्याकडं तो मोरीमागं उभा असतो, कुणी विचारत नाही.

गुलबक्षी आणि गोकर्ण तर तुम्हाला ठाऊकच. गुलबक्षी दुपारी चारच्या सुमारास उमलते, म्हणजे आपण रानातून परतायच्या वेळेला. उन्हाळ्यात वरचं झाड वाळलं तरी खालचं मूळ जिवंत राहतं. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून कुंपणापाशी टोचा, बस्स.

आता कळलावी. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल, श्रावण-भादव्यात बांधावर दिसतं. तीही पाऊस सरला की जमिनीत झोपते, पाणी मागत नाही. पण मैत्रिणींनो, हे झाड विषारी आहे. कंदातही विष असतं आणि तो रताळ्यासारखा समजून माणसांनी खाल्ल्याचे प्रकार घडलेत. घरात लहान मूल असेल, शेळ्या मोकळ्या असतील तर ती दारात लावूच नका, बांधावरच राहू द्या. कंदाचं घरगुती औषध कुणी सांगितलं, अगदी बाळंतपणासाठी सांगितलं, तरी करू नका. चुकून कुणाच्या पोटात गेलंच तर उलटीची वाट न बघता 108 ला फोन करून दवाखाना गाठा. गुलबक्षीचं मिऱ्यासारखं काळं बीही पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

यातलं काही विकत घ्यायची गरज नाही. कुठल्या तरी काकूंच्या, आत्याच्या परसात ते आहेच. जूनच्या पहिल्या बैठकीला येताना आपापल्याकडचे कंद, बिया कागदात बांधून आणा आणि वर नाव लिहा. कंद सगळे सारखेच दिसतात, त्यामुळं नाव नसलेला कंद कुणी घ्यायचा नाही. भुईचाफ्याचे कंद मी त्या मावशींकडून मागून ठेवलेत. ज्यांच्याकडं द्यायला काही नाही त्यांनीही या.