सीदिंग लेनमधील कचेरी

मोठ्या कचेरींत नोकरी करणारा गृहस्थ संध्याकाळीं थकून घरीं येतो, तेव्हां आज काम फार होतें काय, असें घरचीं माणसें विचारतात. पुष्कळदां खरें उत्तर असें असतें कीं, काम थोडें होतें, माणसेंच फार होतीं. कोणाचा मान दुखावला, कोणाची सही अडली, कोणी वरिष्ठांच्या कानाशीं लागलें; कागद मात्र जागच्या जागीं. हें दुखणें जुनें आहे. साडेतीनशें वर्षांपूर्वीं लंडनमधील एका कारकुनाला तें जडलें होतें, आणि त्याचा आलेख त्यानें नऊ वर्षांहून अधिक काळ रोजच्या रोज लिहून ठेवला.

त्याचें नांव सॅम्युएल पीप्स. जन्म १६३३ सालचा, बाप शिंपी. शिक्षण केंब्रिजचें झालें. पण १६६० सालीं दुसरा चार्लस इंग्लंडच्या गादीवर आला आणि पीप्सला आरमार मंडळाच्या चिटणिसाची जागा मिळाली, ती विद्येमुळें नव्हे. एडवर्ड माँटेग्यू हा त्याचा आप्त नव्या राजाच्या मर्जीतला होता. जागा मिळाली तिलाहि एक लचांड होतेंच. पूर्वींचा हक्कदार बार्लो हा म्हातारा अद्याप जिवंत होता. तेव्हां वर्षाच्या ३५० पौंड वेतनांतून त्याला १०० पौंड देण्याचें कबूल करून पीप्सनें आपली खुर्ची सोडवून घेतली. थोडक्यांत, मनुष्य वशिल्यानें शिरला, आणि जहाजांविषयीं त्याला कांहींच माहिती नव्हती.

सीदिंग लेनमधील त्या वाड्यांत कचेरी आणि अधिकाऱ्यांचीं बिऱ्हाडें एकत्रच होतीं. सर विल्यम बॅटन जहाजांच्या पाहणीवर. सर जॉन मेनिस हिशेबांवर. सर विल्यम पेन हा नामांकित दर्यावर्दी. पुढें अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया वसविणारा पेन, तो याचाच मुलगा. मेनिस बोलायला मोठा गमत्या, नकला उत्तम करी. हिशेबांशीं मात्र त्याचें कधीं जमलें नाहीं. सगळे वयानें, मानानें आणि समुद्रावरील अनुभवानें पीप्सहून वडील. दिवसां मेजाभोंवतीं एकमेकांचे पाय ओढावे आणि रात्रीं एकमेकांच्या घरीं मद्य प्यावें, असा क्रम. बॅटनबाई आणि पीप्सची पत्नी यांच्यांत मानापानावरून कुरबुरी चालत. सरकारी चाळींत ज्यांनीं दिवस काढले आहेत, त्यांना यावर अधिक सांगावयास नको.

अशा ठिकाणीं नवा मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक करतो: कोणा तरी बड्याच्या पदराला धरतो, किंवा मान खालीं घालून महिन्याचा पगार घेतो. पीप्सनें पदर सोडला नाहीं, हें खरें. पण १६६२ च्या उन्हाळ्यांत त्यानें तिसरेंच एक काम हातीं घेतलें. तो पाढे शिकूं लागला! केंब्रिजचा हा पदवीधर एकोणतिसाव्या वर्षीं, जहाजावरील कूपर नांवाच्या एका खलाशी अधिकाऱ्याला शिक्षक नेमून, पहाटे चार वाजतां उठून गुणाकाराचें कोष्टक घोकीत बसला. आपल्याकडील पंतोजींच्या शाळेंतला मुलगा पावकी-निमकीसुद्धां म्हणून दाखवी, हें आठवलें म्हणजे हंसूं येतें. पण हंसण्यापूर्वीं कारण पाहावें. इमारती लांकूड घनमापावर विकलें जाई, आणि माप घेणारा ठेकेदाराशीं मिळालेला असे. ज्याला गुणाकार येत नाहीं, त्यानें कोणत्या आधारावर हरकत घ्यावी? पाढे झाल्यावर पीप्स अँटनी डीन या जहाज बांधणाऱ्या तरुणाबरोबर घोड्यावरून वॉल्थमच्या रानांत गेला, आणि उभ्या झाडापासून गोदींतील फळीपर्यंत चोरी कोठें कोठें होते, तें त्याच्याकडून समजून घेतलें. दोरखंडांच्या कारखान्यांत जाऊन धागा पिळून पाहिला. डांबराचे भाव विचारले. त्याच वर्षीं मुंबई बेट पोर्तुगीजांकडून ताब्यांत घेण्यासाठीं चार्लस राजाचीं जहाजें इकडे निघालीं होतीं; तीं ज्या आरमाराचीं, त्याचा चिटणीस त्या सुमारास बारा सत्तें चौऱ्यायशीं करीत होता.

याचा परिणाम मंडळाच्या बैठकींत दिसूं लागला. बॅटन म्हणे, अमुक ठेकेदाराचा माल उत्तम. पीप्स भाव, माप आणि गेल्या खेपेचा अनुभव कागदावरून वाचून दाखवी. आरडाओरडा करण्याची त्याला गरज उरली नाहीं. ड्यूक ऑफ यॉर्कचा चिटणीस सर विल्यम कॉव्हेंट्री हा कामाची पारख असणारा मनुष्य मंडळावर होता; तो याच्या बाजूस वळला. शिवाय पीप्सनें एक खासगी वही घातली. तींत सहकाऱ्यांनीं केव्हां काय बोलून काय केलें, कोणत्या करारांत सरकारचें किती नुकसान झालें, याच्या नोंदी असत. हें सावधपण कीं कपट, असा प्रश्न पडतो. आपल्या खोलीच्या भिंतीला त्यानें गिरमिटानें भोंक पाडून घेतलें होतें, म्हणजे न उठतां मोठ्या दालनांत कोण काय करतो तें दिसावें! तें सावधपणाच्या सदरांत घालणें अवघड आहे.

हात तरी कोरडे होते काय? वॉरन या लांकूडवाल्यानें त्याच्या बायकोकरितां हातमोजे म्हणून पुडकें दिलें; त्यांतून सोन्याचीं चाळीस नाणीं निघालीं. दुसऱ्या एकानें पत्राच्या घडींत पैसे घालून दिले, तेव्हां पीप्सनें तो कागद न पाहतां झटकून रिकामा केला आणि मग वाचला. पुढें कोणी चौकशी केलीच, तर कागदांत पैसे पाहिले नाहींत, असें शपथेवर सांगतां यावें! लांच घेणारे पुष्कळ असतात. आपली युक्ति स्वतःच्या हातानें लिहून ठेवणारा विरळा. त्याची समजूत अशी कीं, सरकारचें नुकसान होत नसेल तर देणगी घेण्यास हरकत नाहीं. वॉरनचा माल खरोखरच चांगला होता. पण चांगला माल निवडणाऱ्यालाच त्याबद्दल सोनें मिळूं लागलें, कीं पुढील निवड कशाची, हें त्याचें त्याला तरी सांगतां आलें असतें काय?

या साऱ्या भांडणांची किंमत कचेरीबाहेरचीं माणसें देत होतीं. डच लोकांशीं युद्ध चालू, तिजोरी रिकामी. खलाशांना पगाराऐवजीं चिठ्ठ्या मिळत, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या किंमतींत विकून ते पोट भरीत. त्यांच्या बायका कचेरीच्या अंगणांत येऊन आक्रोश करीत. जून १६६७ मध्यें डच जहाजें मेडवे नदींत शिरलीं, इंग्रजी जहाजें जाळलीं आणि ‘रॉयल चार्लस’ हें मोठें जहाज ओढून घेऊन गेलीं. डचांच्या जहाजांवरून इंग्रजी आवाज ऐकूं येत होते, अशी वार्ता लंडनमध्यें पोंचली: डच रोख पैसे देतात, आमचे धनी चिठ्ठ्या देतात! पीप्सनें आपलें सोनें बापाच्या आणि बायकोच्या हवालीं करून खेड्यावर पुरण्यास धाडून दिलें.

पार्लमेंटला बळी पाहिजे होता. चॅथम गोदीवरील पीटर पेट याला टॉवरच्या तुरुंगांत घातलें. पण तेवढ्यानें भागेना. ५ मार्च १६६८ रोजीं मंडळाला सभागृहापुढें जबाब देण्याचा हुकूम झाला. बॅटन तोंवर वारला होता. इतरांना बोलतां येईना, किंवा हिशेब ठाऊक नव्हता. पीप्स आदल्या रात्रीं कागद लावीत बसला, झोंप आली नाहीं. सकाळीं धीर यावा म्हणून अर्धा पाइंट मद्य आणि वर ब्रँडीचा घोट घेतला, आणि उभा राहून तीन तास बोलला. तारीख, रक्कम, पत्र. पुन्हा तारीख, रक्कम, पत्र. खजिन्यांतून पैसा आला नाहीं, म्हणून चिठ्ठ्या दिल्या, हें त्यानें मंडळाच्याच दफ्तरावरून दाखविलें. मधल्या वेळांत कांहीं सभासद जेवायला गेले आणि झिंगून परत आले, त्यामुळें ठराव झालाच नाहीं. परंतु मंडळ वांचलें. ज्यांच्या चुकांची वही त्यानें ठेवली होती, ते मेनिससाहेबहि वांचले.

दुसऱ्या दिवशीं अभिनंदनें झालीं. खलाशांचें देणें त्यामुळें चुकतें झालें नाहीं.

पुढें १६७३ त तो आरमाराचा मुख्य चिटणीस झाला. १६७७ पासून लेफ्टनंट होऊं इच्छिणाऱ्यांना परीक्षा देणें भाग पडलें, तें त्याच्याच खटपटीनें. बड्या घरचा मुलगा म्हणून हुद्दा मिळणें त्यानें कठीण करून ठेवलें. त्याबद्दल किती घराणीं त्याच्यावर रुष्ट झालीं असतील, याची कल्पना करतां येते. १६७९ त, फ्रान्सला आरमाराचीं गुपितें विकल्याच्या आरोपावरून, तो स्वतःच टॉवरमध्यें गेला. जामिनावर सुटल्यावर त्यानें वरिष्ठांच्या दारीं जाऊन पायधरणी करण्यापेक्षां फिर्यादीचें पूर्वचरित्र शोधण्यास आरंभ केला. फ्रान्स आणि हॉलंडमधून माणसें व दाखले मिळविले. १६८० सालीं खटला आपोआप कोसळला. तीं सारीं कागदपत्रें त्यानें नीट उतरून दोन ग्रंथांत बांधून घेतलीं. रोजनिशी आणि हे ग्रंथ त्याच्या केंब्रिजच्या कॉलेजांत आजहि आहेत. ग्रंथांना त्यानें नांव दिलें ‘मॉर्नामाँट’. आपल्या मालकीचा म्हणून तो फिर्यादी ज्या वाड्याची बढाई मारीत असे, आणि जो कोठेंच नव्हता, त्या वाड्याचें.