नकळत होणारी कॉपी
(नवीन विद्यार्थ्यांच्या स्वागत मेळाव्यातील भाषण)



आज मी एकच विषय घेते: मनात नसताना हातून होणारी कॉपी.

२०१२ साली हार्वर्डमध्ये अमेरिकन काँग्रेसवरच्या एका कोर्सची परीक्षा घरी सोडवायला दिली होती. पुस्तकं, टिपणं, इंटरनेट सगळं खुलं. फक्त आपसांत चर्चा करायची नाही. सुमारे १२५ विद्यार्थ्यांची चौकशी झाली. निम्म्याहून अधिक प्रकरणांत विद्यार्थ्यांना काही काळ विद्यापीठ सोडावं लागलं. टिपणं वाटून घेणं त्या वर्गात नेहमीचंच होतं, असं काहींचं म्हणणं होतं. तेवढ्याने भागलं नाही.

आपल्याकडे पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क. सीनियरचं जर्नल उतरवून काढण्याला कोणी चोरी म्हणत नाही. इथे म्हणतात. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

१. वाक्यातले चार शब्द बदलले म्हणून ते आपलं होत नाही. मूळ मजकूर मिटून ठेवा, समजलेलं स्वतः लिहा आणि तरीही संदर्भ द्या. कल्पना दुसऱ्याची आहे.

२. टिपण काढतानाच अवतरणचिन्हं घाला, पान नंबर लिहा. महिन्याभराने कुठलं वाक्य कुणाचं हे आठवत नाही.

३. स्वतःचाच पेपर परवानगीशिवाय दोन कोर्सना देऊ नका.

४. होमवर्क मित्रांबरोबर करायचं का, चॅटजीपीटी चालेल का, हे दर कोर्सला वेगळं असतं. सिलॅबस वाचा. शंका असेल तर प्रोफेसरांना ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

"माझा तसा हेतू नव्हता" याने शिक्षा कदाचित कमी होईल, पण बहुतेक ठिकाणी दोष टळत नाही. एफ-१ व्हिसावर असलेल्यांचं निलंबन झालं तर इथे राहणंच धोक्यात येतं.

आता थोडं आपल्या मंडळींसाठी. ज्यांचे आईवडील इथे शिकले त्यांना हे जेवणाच्या टेबलावर कळतं. बाकीच्यांना पहिली नोटीस आल्यावर. हा न्याय नव्हे. तेव्हा शिकवणाऱ्यांनी नियम पहिल्याच तासाला उदाहरणांसकट सांगावेत, आणि आपण प्रत्येकाने ओळखीच्या एका नव्या मुलाला हे समजावून सांगावं.

संदर्भ देणं म्हणजे नुसती शिस्त नाही. मी म्हणते ते खरं की खोटं, हे तुम्हाला तपासता यावं म्हणून तो असतो. विज्ञान त्यावरच चालतं.