बॅटरी तळापर्यंत उपसू नका

(छत्रपती संभाजीनगर जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज मी भावाचं बोलणार नाही, कर्जाचं बोलणार नाही. झटका मशीनखाली ठेवलेल्या बॅटरीचं बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा काय बैठकीचा विषय झाला? कन्नड-सोयगावकडच्या भावांना विचारा. गौताळ्याच्या डोंगराखाली मका कणसाला आलेला असतो आणि रात्री दोनला मशीनची टकटक बंद पडते. सकाळी रानडुकरांनी लोळवलेलं रान बघायचं. आपण डुकराला शिव्या देतो. पण कुंपण उघडं टाकलं ते बहुतेक वेळा आपणच रिकामी केलेल्या बॅटरीनं.

आधी एक गैरसमज काढतो. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतला जो पंप शेतावर बसतो, त्याला बॅटरी नसते. ऊन पडलं की तो चालतो, ऊन गेलं की थांबतो. त्याची काळजी यात नाही. बॅटरी असते झटका मशीनला, वस्तीवरच्या दिव्या-पंख्याला आणि पाठीवरच्या फवारणी पंपाला.

मी परभणीला शेती शिकलो. तिथं पहिल्या वर्षी शिकवतात की जमिनीतलं सगळं पाणी पिकाला घेऊ द्यायचं नसतं. उपलब्ध ओलाव्यातला निम्मा संपला की पाणी द्यायचं. त्याच्याही खाली, कोमेजण्याच्या बिंदूपर्यंत नेलं, तर नंतर पाट सोडला तरी पीक मान वर करत नाही. बॅटरीचं अगदी तसंच आहे. वीज काढताना आतल्या शिशाच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते विरघळून जातं. रिकामी तशीच ठेवली तर त्याचे कडक खडे होतात. ते परत विरघळत नाहीत. तेवढी प्लेट मेली.

हे सगळं शिकलेला मी, आणि स्वतःच्या वस्तीवर काय केलं? चार्ज कंट्रोलर दिवा बंद करायचा म्हणून मला त्याचा राग यायचा. एका रात्री पाणी भरताना दिवा गेला. मी वायर काढली आणि थेट बॅटरीला जोडली. दिवा लागला, मी खूष. ती बॅटरी पुढचा पावसाळा काढू शकली नाही. मी दुकानदाराशी भांडलो. चूक माझी होती. कंट्रोलर दिवा बंद करत नव्हता, माझे पैसे वाचवत होता.

आता हिशेब मांडू. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. निम्मीच वापरायची म्हणजे ६००. एका रात्रीत ९ वॅटचे दोन दिवे पाच तास, ९०. पंचवीस वॅटचा पंखा आठ तास, २००. चाळीस वॅटचा टीव्ही तीन तास, १२०. पाच वॅटचं झटका मशीन बारा तास, ६०. मोबाईल ३०. झाले ५००. ऊन रोज असेल तर ठीक. श्रावणात दोन दिवस आभाळ भरलं की दुसऱ्या रात्री तळ गाठला. पण आभाळ दिसताच टीव्ही आणि पंखा बंद केला तर रात्रीला १८० लागतात. तीन रात्री निघतात आणि मशीन चालू राहतं. आधी मशीन, मग दिवा, बाकी नंतर. दुष्काळात विहिरीचं पाणी आपण असंच वाटतो.

मोजायचं कसं? साधा मीटर घ्या. बॅटरी दोन-तीन तास नुसती ठेवून बघा. १२.७ च्या आसपास भरलेली, १२.२ ला निम्मी, १२ च्या खाली गेली तर धोका. आकडा १२ च्या खाली असताना रात्रभर वापरायची नाही. कंट्रोलरवर ‘लोड’ लिहिलेली जागा असते, दिवे आणि मशीन तिथंच जोडा. म्हणजे व्होल्ट उतरले की तो आपोआप तोडतो. इन्व्हर्टर मात्र थेट बॅटरीला जोडावा लागतो, आणि बरेच इन्व्हर्टर १०.५ पर्यंत ओढत राहतात. तोवर बॅटरी संपलेली असते. विकत घेतानाच विचारा, तोडण्याचा आकडा बदलता येतो का?

ट्रॅक्टरची बॅटरी मशीनला लावू नका. ती सेल्फ मारायला केलेली आहे, प्लेटा पातळ असतात, रोज खोल उपसा तिला सोसत नाही. पाणी घालायचं ते डिस्टिल्ड, आम्ल नव्हे, नळाचं नव्हे. फवारणी पंप हंगाम संपला की पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्याला पुन्हा चार्ज करा. रिकामा माळ्यावर टाकलेला पंप जूनमध्ये उठत नाही.

आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्यांच्या आत तोडणारं सर्किट असतं. ते काढून थेट जोडण्याची हुशारी करू नका. तळाला गेलेली लिथियम बॅटरी जबरदस्तीनं चार्ज केली तर आतून शॉर्ट होऊन पेटू शकते.

शेवटचं. बॅटरी हा उत्पादन खर्च आहे. ती पाच वर्षं चालली की दीड वर्षात गेली, याचा फरक एकरी खर्चात पडतो आणि तो आपल्याला कुणी भरून देत नाही. म्हणून दोन गोष्टी करा. विकणाऱ्याकडून तोडण्याचा आकडा आणि जोडणीची माहिती मराठीत, कागदावर लिहून घ्या. आणि प्रत्येक गावात वर्गणी काढून एक मीटर घ्या. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या बॅटरीचा सकाळचा आकडा लिहून आणा. आपण तो फळ्यावर मांडू.